केळी-खिम्याचे चार थर

मी, रूपाबाई वसराम आडे, वय एकाहत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार डोंगरकड्याजवळचा तांडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे माझ्या मर्जीने व माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे.

१. घर व सव्वा एकर रान मुलगा प्रेमदास याला द्यावे. तो पुण्यात असतो. रविवारी फोन करून "आई, बरी आहेस ना?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत "ठेवतो" म्हणतो. तरी पोटचा आहे.

२. माझे पती कै. वसराम जहाजावर स्वयंपाकी होते. पोर्तो रिको नावाच्या बेटावर जहाज दोन महिने अडकले, तेव्हा तिथल्या एका बाईकडून ते 'पास्तेलोन' शिकले. पिकल्या केळ्याचे उभे काप तळायचे, एक थर केळ्याचा, एक खिम्याचा, वरून फेटलेली अंडी, आणि हे सगळे चौकोनी डब्यात रचून तो डबा तापल्या वाळूच्या पातेल्यात ठेवून भाजायचे. प्रत्येक रजेत ते करीत व दोन ताटे मांडीत. देवाचे फळ मटणात घातले म्हणून मी तीस वर्षे त्याला हात लावला नाही. त्यांचा तो डबा तांड्याच्या सामायिक भांड्यांत जमा करावा. माझ्याबरोबर पुरू नये.

३. आपली केळी तळली की लगदा होतो, म्हणून त्यांनी कोचीहून जाड सालीच्या केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याचे कोंब, पोत्यात गुंडाळून आणले होते. त्या केळींचे बेट आता बांधावर आहे. प्रेमदास उपटायला सांगतो. मी जिवंत असेपर्यंत कोणी हात लावू नये.

४. त्यांच्या वर्षश्राद्धाला आवडीचे करायचे म्हणून मी ते केले. नैवेद्याचे उरलेले टाकू नये, म्हणून पहिल्यांदा खाल्ले. फार आवडले. सांगायला घरात कोणी नव्हते. त्या दिवशी मी पोटभर रडले.

५. मृत्युपत्राला दोन साक्षीदार घरी येऊन समोर बसावे लागतात, असे वकिलांनी सांगितले. ते ऐकूनच मी हे करायचे ठरवले. नाहीतर वाटायला माझ्याकडे आहेच काय? साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे. म्हणून नवी सेविका सुनिता हिला मुनवे आजच दिले, आणि दोघा साक्षीदारांना सहीआधी पास्तेलोन जेवू घातले.

शेजारी भिवाजी एकदा आमच्या दारातून वास घेऊन "बाटगं जेवण" म्हणत परत गेला होता. ते मी विसरलेले नाही. आज त्याने दोनदा वाढून घेतले आणि म्हणाला, "वहिनी, हे तर लई चांगलं लागून राहिलं. भाऊ काहून एकटेच खात होते?"

दुसरे ताट ते माझ्यासाठी मांडीत. मी समोर बसून भाकरी खात होते.

लिहून ठेवणार: रूपाबाई वसराम आडे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, साक्षीदार:
भिवाजी धनू पवार (सही)
सुनिता प्रकाश चव्हाण (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकाची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५