कोट उलटा घातला त्याची हकीकत

नोरीन मावशीस, तिच्या ओल्या पायांच्या भाच्याचा, म्हणजे जार्लथचा, नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? कोंबड्या? (कोल्हा अजून येतो का?) माझं विचारशील तर दमलोय. ‘हीपण नोकरी सोडलीस तर दारात उभा राहू नकोस,’ असं तू बजावलं होतंस, ते लक्षात आहे. तरी शनिवारच्या बसने येतोय. आधी ऐक, मग ओरड.

आमचा मालक फेस्टस, त्याचा मेंढा हरवला. म्हणाला, जा, नॉकडूवर असेल. नॉकडू डोंगर कसला, भिजलेली गोधडी उभी करून ठेवलीय. पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत. कुत्रा पहिल्याच दलदलीपाशी बसला. (शहाणा आहे.) दुसऱ्या दलदलीनं माझा डावा बूट गिळला. माथा आला म्हणावं तर त्यामागे आणखी एक माथा. मग धुकं उतरलं, आणि फिरून फिरून त्याच दगडापाशी यायला लागलो तेव्हा कळलं, चकव्याच्या ढेकळावर पाय पडलाय. अशा वेळी चकवा सुटायला कोट उलटा घालायचा, हे तूच शिकवलंस. पण त्या कोटाला अस्तरही तूच लावलेलंस, जुन्या पडद्याचं, पिवळ्या गुलाबांचं! ते दिसू नये म्हणून मी उन्हातसुद्धा कधी बटणं उघडली नाहीत, मावशी. पण जीव मोठा की गुलाब? चहूकडे पाहिलं (दिसत काहीच नव्हतं) आणि घातला उलटा.

त्याच क्षणी धुकं फाटलं. खाली फेस्टसची पुतणी सबीना आणि निम्मं गाव चुलीत जाळायला दलदलीतून कापलेली ढेकळं वाळत घालत होतं.

“अरे बघा, कुणाचा तरी पडदा डोंगर चढतोय!” सबीना ओरडली.

“चढत नाही, चुकलोय!”

“मग उतर की रे पडद्या! माझ्या आवाजाकडे ये!”

धुकं पुन्हा मिटलं, पण ती हाका मारत राहिली, आणि त्या हाका धरून मी उतरलो. मेंढा? तो फेस्टसच्या परसात कोबी खात होता. फेस्टस म्हणतो, तू गेलास आणि हा आला, तुला बोलावणार होतो, पण चहा निवत होता.

आता चर्चमध्येसुद्धा मला पडदा म्हणतात. अशा ठिकाणी माणसानं राहावं का, तूच सांग.

तुझा थकलेला,
जार्लथ

ता. क. शनिवारी काकांना बसपाशी पाठवू नकोस. मेंढा पुन्हा पळालाय.

ता. क. काकांचा जुना डावा बूट पाठव.

ता. क. त्या पडद्याचा तुकडा उरला असेल तर तोही पाठव. सबीनाला कोटाला अस्तर लावायचंय. रविवारी आम्ही दोघं नॉकडूवर जाणार आहोत. ती म्हणते, चकवा लागलाच तर उलटे कोट जोडीचे दिसायला हवेत.