दहा ते बारा

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची वोदिनाकला! तुझ्ला शहराहून बसने साडेतीन तास, पण सगळा वेळ खिडकीला नाक लावून बसले होते. दोन वर्षं बेकार काढल्यावर माझ्या हाती माईक येतोय, तोही रविवार सोडून रोज, दहा ते बारा.

रेडिओ स्टेशन नगरपालिकेच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. संचालक फाह्रुदिन यांनी स्वतः कॉफी ओतून दिली. पूर्वी इथे सोळा माणसं होती, आता माझ्यासकट तीन. पण माणसं कमी म्हणजे कटकटी कमी, असं ते म्हणाले. मी हसले.

काम साधंच आहे. वाढदिवसाच्या आणि लग्नांच्या शुभेच्छा वाचायच्या, लोकांच्या आवडीची गाणी लावायची आणि बाराच्या ठोक्याला गावात कोण वारलं ते सांगायचं. माझ्याआधी मुबेरा नावाच्या बाई सव्वीस वर्षं हेच करत होत्या. फेब्रुवारीच्या कपातीत त्यांना काढलं. तंत्रज्ञ झियो साठीचा आहे, लोकरी टोपी घालतो, बोलतो कमी आणि स्टुडिओच्या काचेकडे पाठ करून बसतो.

खोलीही छान मिळाली आहे. घरमालकिणीने ‘पिता’ म्हणतात ती चीज भरलेली भाजलेली पोळी खाऊ घातली. आज मला कोणाचंही वाईट चिंतवत नाही.

५ मार्च

पहिलाच फोन एका आजीबाईंचा. "आवाज गोड आहे गं पोरी, पण जरा मुबेराला दे." त्या आता नसतात, म्हटलं. "मग मी थांबते." आणि खरंच थांबल्या, तेही थेट प्रक्षेपणात! शेवटी झियोने गाणं लावून वेळ मारून नेली. अकरा फोन आले, त्यातले नऊ असेच.

साडेदहाला त्या स्वतःच आल्या; स्टुडिओच्या भिंतीवरच्या फोटोवरून ओळखलं. काचेपलीकडे कॉरिडॉरमध्ये बाक आहे. त्यावर राखाडी कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन बसल्या. मी मान लववली. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बारानंतर बघते तर बाक रिकामा.

१० मार्च

आता रोज येतात, ठीक दहाला. फाह्रुदिनांकडे गेले. ते म्हणाले, सार्वजनिक इमारत आहे, कोणीही बसावं. शिवाय अडवायला जो पहारेकरी होता तोही कपातीत गेला. मग झियोला विनवलं, तुम्ही तरी समजवा. तो मागे न वळताच म्हणाला, "बसू दे की. तुझं काय खातेय ती?"

असं डोकं फिरलं! मी कोणाची नोकरी हिसकावलेली नाही. जाहिरात आली, अर्ज केला. पण हे त्या बाकाला कोण सांगणार?

१४ मार्च

त्यांचे ओठ हलतात. मला वाटायचं, जुनी सवय, माझ्यामागोमाग पुटपुटत असतील. आज नीट पाहिलं. मागोमाग नाही. आधी.

मी तोंड उघडायच्या आत तो शब्द त्यांच्या ओठांवर होऊन गेलेला असतो. मुद्दाम कागद बाजूला सारला आणि आमच्या बुडालेल्या शेळीची गोष्ट सांगायला लागले. ही गोष्ट मी या गावात कोणालाही सांगितलेली नाही. तिचं नाव रुमेन्का. काचेपलीकडे आधी ओठांचा चंबू झाला, मग ओठ मिटले, मग उघडले. मग ते नाव माझ्या तोंडून निघालं.

१७ मार्च

म्हटलं, सोक्षमोक्ष लावून टाकू. दुपारी मुबेरांच्या घरी गेले. त्यांची मुलगी नफिया दारात आली. मी तावातावाने सुरुवात केली की तुमच्या आई रोज येऊन मला छळतात. ती मला हाताला धरून आत घेऊन गेली.

मुबेरा पलंगावर होत्या. काढल्याचं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्या पलंगावरून उठलेल्या नाहीत. वाचा गेली आहे. राखाडी कोट दारामागच्या खुंटीवर होता, खांद्यांवर धूळ.

नफिया म्हणाली, "फक्त दहा ते बारा तोंड हलतं. आवाज येत नाही. रविवारी तेही नाही. डॉक्टर म्हणतात, शिरा आखडतात."

उशीवरचे डोळे माझ्याकडे लागले होते. त्यांत राग नव्हता. थकवा होता, नुसता थकवा.

१८ मार्च

झियोला सगळं सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. पहिल्या कपातीपासून हे चालू आहे म्हणे. ज्याला काढतात तो येऊन बसतो, त्याचं काम दुसरं कोणी करत असेल तोवर. "आठ वर्षांत मी काचेकडे पाहिलेलं नाही, पोरी. तूच कशाला बघत बसतेस?"

२१ मार्च

झियोला काढलं. बटणं मीच दाबायची. मी आरडाओरडा केला, टेबलावर हात आपटला. फाह्रुदिनांनी शांतपणे माझ्यासाठी कॉफी ओतली.

२४ मार्च

बाकावर दोघं. लोकरी टोपी.

मी हात लावायच्या आत बटणं वरखाली होतात. त्याच्या घरी फोन केला. बायको म्हणाली, आत्ता लाकडं फोडतोय, पण सकाळी दोन तास टेबलावर नुसती बोटं नाचवत बसला होता. हाक मारली तरी —

२५ मार्च

आज मी बोललेच नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. जबडा आतून कोणी उचकटल्यासारखा दुखायला लागला. शेवटी दार उघडलं आणि म्हटलं, या, बसा तुमच्या खुर्चीत, मला नको.

त्या उठल्या. जवळून गेल्या तेव्हा धुळीचा वास आला. खुर्ची एकच. मी बाकावर बसले.

फोन थांबेनात. मुबेरा आली, मुबेरा आली! लोक रडत होते. बाराला त्यांनी मृत्यूच्या बातम्या वाचल्या. नाव एकच. त्यांचं स्वतःचं. आज सकाळी, दहा वाजून दहा मिनिटांनी. आवाज जरासुद्धा कापला नाही.

मी धावत नफियाकडे — खरं होतं.

२६ मार्च

फाह्रुदिन खूश. कार्यक्रम आपोआप चालतोय, मग तुझी गरज काय, म्हणत मलाही काढलं. माईकवर कोण बसलंय ते तुम्हाला ठाऊक आहे का, असं विचारलं. "श्रोते खूश आहेत ना?" एवढंच. सामान बांधलं.

२८ मार्च, तुझ्ला

दहाला जबडा हलायला लागला. आई विचारतेय, कोणाशी बोलतेस? वोदिनाकच्या लोकांची नावं. मला ठाऊक नसलेली. इंटरनेटवर स्टेशन लावलं. मी ओठ हलवते, मग मुबेरा बोलतात. प्रत्येक शब्द. माझा.

३१ मार्च

सकाळी तोंडात टॉवेल कोंबला. दोन्ही हातांनी दाबून धरला. तिकडे शांतता. एक मिनिट. तीन मिनिटं. बरं वाटलं, देवा, किती —

फोन वाजला. फाह्रुदिन. नेहमीसारखेच शांत. म्हणाले, सेनिया, प्रक्षेपणात आवाज नाहीये. लोक तक्रार करताहेत. दोनच तासांचा तर प्रश्न आहे.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक —

फोन आपटला. परत वाजतोय. आई दार ठोठावतेय. टॉवेल ओला झालाय, सरकतोय, हात लिहिण्यात अडकला म्हणून एकाच हाताने — नाही, मी बोलणार ना—

प्रिय श्रोतेहो, आज सगळ्यात आधी शुभेच्छा