मोरीतल्या मुंग्या

अहो,

तुमचा फोन लागत नाही म्हणून लिहून ठेवते. नानांना घेऊन आम्ही नंदुरबारला दवाखान्यात निघालोय. आडवे झाले की त्यांचा श्वास कोंडतो, पाय सुजलेत. पिहू शेजारी रुपावहिनींकडे आहे. फार रडलीय, तिला आधी जवळ घ्या.

तळोद्याच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी पहिलं हेच विचारलं, मधुमेहाची नवी गोळी चालू आहे ना? मोरीत मुंग्या लागल्या तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "ह्या गोळीनीच साखर वाढी ऱ्हायनी," आणि नानांनी ती बंद केली. डॉक्टर म्हणाले, ती गोळी साखर लघवीतून बाहेर काढते, मुंग्या येणारच; पण दिली होती ती त्यांच्या अशक्त हृदयासाठी.

आईंना यातलं काही सांगू नका. दारातल्या जीपमध्ये नाना त्यांच्याच खांद्याला टेकून बसलेत आणि त्या धीर देताहेत, "साखर ते उतरी गयी ना, मंग काय व्हनार शे?"

उरलेल्या गोळ्या देवाच्या फडताळात आहेत, घेऊन लगेच या. मला काही चांगलं दिसत नाही हो.

आत्ताच मोरीत पाहून आले. एकही मुंगी नाही.

प्रणिता