एक्केचाळीस दिवसांचा अबोला

सोमवार, ३ मार्च

पाच दिवस झाले. नवऱ्याशी एक शब्द बोललेले नाही. पाहुण्यांसमोर म्हणाला, हिला विनोद कळत नाहीत. बरं, नाही कळत! आता बसू दे शोधत काय चुकलं ते.

लेकीकरवी, चिमणीकरवी, निरोप चाललेत. बाबांना सांग जेवण वाढलंय. बाबांना सांग दुधाची पिशवी आणा. नऊ वर्षांची पोर, पण निरोप अगदी चोख पोहोचवते. आज त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी एक निरोप आहे." मी तीन हातांच्या अंतरावर बसले होते.

गुरुवार, ६ मार्च

शाळेतून बोलावणं आलं. कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून गेले.

चिमणी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीशी अकरा दिवस बोललेली नाही. त्या मुलीने हिच्या कंपासपेटीचं झाकण मोडलं होतं. मुद्दाम नाही, पेटी हातातून पडली. तिने माफी मागितली, स्वतःची पेटी देऊ केली. ही ढिम्म. ती मैत्रीण आता डबा खात नाही, वर्ग बदलून मागते. बाई म्हणाल्या, मुलं भांडतात, मारामारी करतात, ते मी संध्याकाळपर्यंत मिटवते. पण हे मला मिटवता येत नाहीये.

घरी येताना चिमणीला विचारलं, तिने माफी मागितली ना, मग?

"हो. पण मी थांबलेय."

"कशासाठी?"

"तिला नीट कळेपर्यंत."

हे वाक्य माझं आहे. त्याआधी माझ्या बाबांचं होतं.

शुक्रवार, ७ मार्च

काल लिहवेना. आज लिहिते.

बाबा नकाशे काढायचे. त्यांच्या हातची रेघ कधी हलली नाही आणि आवाज कधी चढला नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, काय शांत माणूस! आम्हालाच माहीत. चूक झाली की ते बोलणं बंद करायचे, बस. आपण घरात आहोत की नाही असं वाटायला लागायचं. पाण्याचा ग्लास पुढे केला तरी ते स्वतः उठून दुसरा भरून घ्यायचे.

दहावीत मी न विचारता एक रात्र मैत्रिणीकडे राहिले. बाबांनी बोलणं बंद केलं. एक्केचाळीस दिवस. मधे निकाल लागला. गुणपत्रिका घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी वाचली, सही केली आणि माझ्या हातात न देता आईकडे दिली. म्हणाले, "तिला सांग, चांगले आहेत."

तेव्हा मनाशी म्हटलं होतं, माझ्या घरात हे असलं काही नसेल. आणि काय केलं? तेच. फक्त दिवस कमी.

नवऱ्याच्या घरी सगळं उलटं. तिकडे भांडण म्हणजे आरडाओरडा, आणि दहा मिनिटांनी 'मीठ दे गं इकडे'. लग्न झाल्यावर मला वाटायचं, किती अडाणी माणसं ही! मी स्वतःला समजूतदार समजत होते. वीस वर्षं!

ठरलं. राग आला तर त्याच दिवशी बोलायचं. ज्याच्यावर आला त्याच्याशी, मधे कुणाला न घालता.

शनिवार, ८ मार्च

जमलं नाही. त्याच्यासमोर तीनदा जाऊन उभी राहिले. तोंड उघडतं, आवाज येत नाही. त्याने विचारलं, काही हवंय का? मान हलवून परत आले.

रविवार, ९ मार्च

सकाळी न्हाणीघरात नळ सोडून वाक्याचा सराव केला. तीनच शब्द. बाहेर आले आणि टॉवेल खांद्यावर असतानाच म्हटलं, "मला राग आलाय."

नवरा पेपर खाली ठेवत म्हणाला, "आला ना? मग सांग की."

सांगितलं. पाहुण्यांचं सांगितलं, त्याच्या मागचंही, आणि चार वर्षांपूर्वीचंसुद्धा. तोही चढ्या आवाजात बोलला. टॉवेल घट्ट धरून मी तिथेच उभी राहिले. त्याला कळत नव्हतं, ओरडतोय तो आणि भेदरलीय ही, तरी हटत कशी नाही! मग एकदम म्हणाला, चुकलं माझं, तुझी चेष्टा करून टाळ्या मिळवल्या. आणि पुढच्याच वाक्यात — चहा टाकतेस की मी टाकू?

मी म्हटलं, तू टाक.

चिमणी दाराआडून सगळं बघत होती. बघू दे.

मंगळवार, ११ मार्च

चिमणी मैत्रिणीशी बोलली. मैत्रीण हिच्याशी नाही बोलली. ही रडत घरी. म्हटलं, उद्या परत बोलायचं. परवाही.

सोमवार, १७ मार्च

आज खरी परीक्षा झाली.

आमच्या कारखान्याचं पुस्तकबांधणीचं काम, शेडची देखरेख माझ्याकडे. छापून आलेले कागद घडी घालून त्यांचे सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, क्रमाने लावायचे, शिवायचे. शिलाईवालीने तीनशे चाळीस प्रतींत सहावा फर्मा पाचव्याच्या आधी लावला. वाचणारा चौसष्टव्या पानावरून थेट एक्क्याऐंशीव्यावर जाणार. पुस्तकं न्यायला गाडी उद्या दुपारी येणार. एक प्रत चाळली आणि माझं तोंड मिटलं. ओळखीचं मिटणं.

आणि तेवढ्यात मी पाहिलं — सगळी शेड गप्प झाली. कटरवाल्या काकांनी मशीन बंद केलं आणि जवळ येऊन उभे राहिले. निरोप्याचं काम आपल्याकडे येणार हे त्यांना ठाऊक होतं! ते किती वर्षं हे करताहेत? शिलाईवालीने सुई खाली ठेवली होती. हात मांडीवर घेऊन बसली होती, जशी मी बाबांसमोर बसायचे.

काकांना म्हटलं, तुम्ही मशीन चालू करा. तिच्यापाशी गेले. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"मला फार राग आलाय. फर्मे लावताना तू आकडे बघितले नाहीस. चल, उसवायला बसू."

तिने दोन पात्या आणल्या. मग दोघी बसलो. दोऱ्याखाली पाती घालायची, कागद फाटू द्यायचा नाही, क्रम बदलायचा, परत शिवायचं. संध्याकाळपर्यंत दोनशे झाल्या. मधेच ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, मागच्या वेळी तुम्ही एकोणीस दिवस बोलला नाहीत. मी दुसरीकडे काम बघून ठेवलं होतं."

माझ्या बोटांना सुई टोचली नाही, पण डोळे भरल्याने बराच वेळ टाका दिसत नव्हता.

मंगळवार, १८ मार्च

गाडी वेळेवर गेली. शिलाईवाली आज स्वतःहून बोलायला आली. धागा संपत आलाय म्हणून. एवढंच.

शनिवार, २२ मार्च

घसरले. चिमणी खोटं बोलली, शिकवणीला न जाता खेळत बसली. मी काही न बोलता कपड्यांच्या घड्या घालत राहिले. दीड तास! मग ती दारात येऊन उभी राहिली. हातात पाण्याचा ग्लास. माझ्यासाठी.

तो ग्लास घेतला. घटाघटा प्यायले. मग तिला पुढ्यात बसवून जे काय बोलायचं ते बोलले, चांगलं कडक बोलले. ती रडली आणि माझ्याच मांडीवर रडली.

दीड तास. बाबांच्या एक्केचाळीस दिवसांवरून दीड तासावर आले. अजून कमी करीन.

मंगळवार, २५ मार्च

बाबांकडे जायचं ठरवलंय. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, दादाकडे असतात. दादा म्हणतो, आता उकरून काय मिळणार? मिळवायचं काही नाहीये. पण त्यांच्याविषयी सगळ्यांशी बोलले, त्यांच्याशी नाही. मधे कुणाला घालायचं नाही असं मीच लिहिलंय.

रविवार, ३० मार्च

विचारलं. बाबा, तुम्ही आमच्याशी बोलायचं का थांबवायचात?

म्हणाले, "माझे वडील पट्ट्याने मारायचे. मला, आईला, हाताशी येईल त्याला. तुझा दादा झाला त्या दिवशी ठरवलं, राग आला की तोंड मिटायचं आणि हात खिशात घालायचे. तोंड उघडलं तर हात उठेल अशी भीती वाटायची. नाही उठला कधी. पण राग गेल्यावर परत बोलायला सुरुवात कशी करायची, ते मला येतच नव्हतं गं."

खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. म्हटलं, मी नुकतीच शिकतेय. बसा, दाखवते.