झाडाखालची बशी

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज स्वयंपाकघर आवरताना मनात तुझ्याशीच बोलत होतो, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या सुनेला इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा आम्ही आपल्या लोकांनी भरलेलं एडिसन शहर सोडून साउथ डकोटाच्या या उघड्या माळावर आलो. इथे मूळच्या आदिवासी लोकांची वस्ती आहे. त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या बालवाडीत मी स्वयंपाक करतो. तू पाड्यावर चालवायचीस तशीच ही. मुलांबरोबर आया येतात, आज्या येतात. कुणाचं काम सुटलं, कुणाचं बाळ झोपत नाही, सगळं माझ्या ओट्यापाशी बोललं जातं.

त्यातली एक आजी चार वर्षांच्या नातीला घेऊन यायची. पोरीला आई नाही. जेवणाआधी आजी प्रत्येक पदार्थातलं थोडं एका बशीत काढायची, बाहेर झाडाखाली ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत आपल्या भाषेत काही म्हणायची. गेलेल्या माणसांसाठी. मी पहिल्यांदा डाळ केली तेव्हा म्हणाली, "एवढं तिखट? आमचे पूर्वज पाणी मागत परत येतील!" मी म्हटलं, "येऊ देत आजी, ताक करून ठेवतो." मग तिला तुझं सांगितलं. तूही खिचडीचा पहिला घास पळसाच्या पानावर बाहेर ठेवायचीस, आणि त्याआधी मी हात घातला की फटका द्यायचीस. "कमीच मारलं तिने," आजी म्हणाली.

या वर्षी सरकारी मदत थांबली आणि बालवाडी शहरातल्या एका संस्थेकडे गेली. त्यांच्या बाईंनी बैठकीत गोड आवाजात सांगितलं, की प्रशिक्षणाच्या दाखल्याशिवाय आज्यांना वर्गात बसता येणार नाही, अन्न बाहेर न्यायचं नाही, आणि उन्हाळ्यानंतर मुलं बसने शहरातल्या शाळेत जातील. आजीने विचारलं, "हिला बोलायला मी शिकवलं. त्याचा दाखला कोण देतं?" तेव्हा मी उठलो आणि पाड्यावरची बालवाडी तपासायला आलेल्या साहेबांना तू सुनावलं होतंस तेच म्हणालो: पोर आभाळातून पडत नाही, घरातून येतं. बाई हसून मान डोलावत राहिल्या आणि पुढचा विषय निघाला. तुझे साहेब निदान चिडले तरी होते.

दुसऱ्या दिवशी दारात दाखला मागितला, तशी आजी तिथूनच परतली. "माझ्याच घरात पाहुणी होऊन बसू?" एवढंच म्हणाली. आता पोरीला तिची मावशी सोडून जाते. पोर कुणाशी बोलत नाही. मी रोज देवापाशी तिच्यासाठी मागतो, पण खरं सांगू, काही होईल असं आता वाटत नाही.

आज पोर रिकामी बशी घेऊन ओट्यापाशी आली. नियम मला ठाऊक होता. मी डाळ वाढली, भात वाढला, तिच्याबरोबर बाहेर गेलो. बशी ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. तिला ते शब्द हवे होते. आजीच्या भाषेतला एकही शब्द मला येत नाही. म्हणून पळसाच्या पानापाशी तू म्हणायचीस तेच मराठीत म्हटलं: "घ्या, पोटभर घ्या, लेकरांवर नजर ठेवा." तिने ते सावकाश, जसंच्या तसं म्हटलं. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

हे कागद मी कुठे पाठवणार! पण तुला सांगतो. ते तिच्या आजीच्याच भाषेतले शब्द आहेत असं तिला वाटलं, आणि मी गप्प राहिलो.