छत्तीस क्राऊनचा सीझन

१० फेब्रुवारी २००३, सोमवार. दुपारी २

भुलेश्वरहून आलेला माल: खोटे मोती, चार नंबर, बारा पुडे, २१६ रु. चंदेरी तार, दोन रिळे, ९०. हिऱ्यासारखे दिसणारे काचमणी, सहा पुडे, १५०. केसांत खोवायचे कंगवे, तीन डझन, १०८. एकूण ५६४. हमाली नाही, हेच घेऊन आले. भुलेश्वरात ह्यांनी एकट्याने चहा घेतला, ३ रु. तो धंद्याच्या खर्चात धरलेला नाही.

परिस्थिती एकदा स्वच्छ लिहून ठेवते. गाळा ह्यांचा, फंडाच्या पैशातला. काल जेवताना म्हणाले, ३१ मेपर्यंत बघतो, दुकान आपल्या पायावर उभे राहिले तर तुझे, नाहीतर झेरॉक्सवाला महिना बाराशे द्यायला तयार आहे. मी पानावरून मान वर केली नाही. झेरॉक्स म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलेच परत काढायचे. 'सुहासिनी अलंकार' ही कला आहे. ह्यांनी आयुष्यभर आवक-जावक रजिस्टर लिहिले, ह्यांना कला कुठून कळणार?

कंगवे छत्तीस, म्हणून छत्तीस क्राऊन. ख्रिस्ती नवऱ्या लग्नात डोक्याला लावतात तो मोत्यांचा क्राऊन. डिझाइन माझे. वसईतल्या सांडोरची हिल्डा फक्त तार वळवते, मोती ओवते, फुले बांधते आणि कंगव्याला बसवते. बाकी सगळे मी. नगामागे तिला पंधरा रुपये, शिवाय चहा. (अर्धा.)

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री

एका दिवसात चार क्राऊन गेले, १२० प्रमाणे. रामरक्षेचा गुण. सकाळी अकरा वेळा म्हटली होती.

कस्टमर बायकांना वळण नाही. बोलतात माझ्याशी, बघतात हिल्डाकडे. निर्मळ गावची एक म्हातारी तर तिचा हात हातात घेऊन म्हणाली, बाय, तुझ्या बोटांत देव आहे. दुकानात देवाचा फोटो मी लावलाय. हार मी घालते. आणि देव हिच्या बोटांत!

२४ फेब्रुवारी, सोमवार

आतापर्यंत विकले नऊ. हिल्डा दिवसाला दोन करते. चारला चहा पिते त्यात दहा मिनिटे जातात, नाहीतर अडीच झाले असते.

रात्री पंचांग घेऊन बसले. धंदा असा डोक्याने करायचा असतो. आपल्या लोकांना पौष चालत नाही, चातुर्मास चालत नाही, गुरूचा अस्त चालत नाही. मुहूर्त बघता बघता मुलगी तिशीला येते. ह्या लोकांना पंचांगच नाही. रविवार आला की लग्न. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये आपले मुहूर्त तुरळक असताना वसईत क्राऊनवाले दुकान एकच. हे मॅट्रिकला गणितात ६१ मार्क असलेल्या बाईलाच सुचते.

हिल्डाला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, वहिनी, मार्चला एवढे नका करू, राखेचा बुधवार आला की मग आमच्यात... मी तिथेच थांबवले. म्हटले, आमच्यात बुधवार चांगलाच असतो, कोणतेही काम सुरू करावे. तार वळव. तिने तोंड उघडले, मिटले आणि तार वळवली.

५ मार्च, बुधवार

हिल्डा कपाळाला राख फासून दुकानात. बरोबर मध्यभागी. म्हटले, आधी तोंड धुऊन ये, गिऱ्हाईक काय म्हणेल? नाही धुतले. म्हणाली, वहिनी, तुम्ही देवळातून आल्यावर अंगारा पुसता का?

तारेचे रीळ तिच्यापुढे सरकवले. उलट बोलणाऱ्याशी बोलू नये.

छत्तीस पूर्ण. शिल्लक सत्तावीस. काचेच्या कपाटात तीन ओळींत लावले. झेरॉक्सवाला बाहेरून बघून गेला. जळू दे.

१४ मार्च, शुक्रवार

नऊ दिवसांत एकही क्राऊन नाही. एक बाई सेफ्टी पिना मागायला आली. पिना ठेवत नाही म्हटले. मग तिला माझ्याकडच्या दोन दिल्या, ५० पैसे.

हिल्डा शुक्रवारी चारलाच निघते. दोन शुक्रवार झाले. विचारले तर म्हणते, क्रुसाची वाट असते. कुठली वाट ते मला कळणारच. गिऱ्हाईक बंद आणि हिचे लवकर जाणे एकाच वेळी सुरू व्हावे, हा योगायोग नाही. नक्की दुसरीकडे क्राऊन करून देते.

२१ मार्च, शुक्रवार. रात्री ८. गुडघ्यांना तेल लावून लिहीत आहे.

चारला दुकान बंद करून हिल्डाच्या मागे गेले. चालत. रिक्षाला पंधरा रुपये मागतात. ती सरळ सांडोरच्या चर्चमध्ये शिरली. मी दारातून डोकावले. आत माझी सगळी कस्टमर! निर्मळची म्हातारी, पापडी गावच्या दोघी बहिणी, त्या पलीकडे फेब्रुवारीत पाच वेळा रेट विचारून गेलेली रिटा. सगळ्या एका छपराखाली, तोंडे गंभीर. काय चाललेय ते लहान मुलालाही कळले असते. रेट पाडायची मीटिंग.

इतक्यात रिटाने पाहिले. म्हणाली, अगोबाई, वहिनी तुम्हीपण? या ना, देव सगळ्यांचा एकच. नाही म्हणायची सोय राहिली नाही. भिंतीवर चौदा चित्रे आहेत, प्रत्येकापुढे गुडघे टेकायचे. चौदा वेळा टेकले, चौदा वेळा उठले. मनात रामरक्षा चालू ठेवली, म्हणून दोष नाही.

बाहेर आल्यावर रिटाला सरळ विचारले, क्राऊन का घेत नाही? ती म्हणाली, वहिनी, उपवासकाळ चालू आहे ना, ईस्टरपर्यंत आमच्यात लग्न लागत नाही. मटण नाही, पार्टी नाही, लग्न कुठून? म्हटले, दाखवा कॅलेंडर. तिने पर्समधून काढून दाखवले. इंग्रजी तारखा आणि संतांची नावे. तिथी नाही, नक्षत्र नाही, राहुकाळ नाही. असल्या कागदावर लग्ने बंद होतात होय! हिल्डाने पढवून ठेवलेय सगळ्यांना. एक खोटे बोलली तर कळते, चाळीस जणी मिळून बोलल्या की तो धर्म होतो.

२९ मार्च, शनिवार

हिल्डाला काढले.

कारण शुक्रवारचे सांगितले. धंद्यात शिस्त लागते. रडेल असे वाटले होते. रडली नाही. आपली पक्कड रुमालात गुंडाळली आणि म्हणाली, वहिनी, ईस्टर झाला की दुकानाबाहेर लाइन लागेल, तेवढे क्राऊन ठेवून द्या. जाताना कपाटाकडे बघत उभी राहिली. नजर वाईट. ती गेल्यावर कपाटावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

हे म्हणाले, अगं, करणारीच गेली तर आता करणार कोण? ह्यांना वाटते तार वळवणे म्हणजे फार मोठे काम. दीड महिना मी समोर बसून बघितले आहे.

२ एप्रिल, बुधवार. गुढीपाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक. संकल्प:
आजपासून फक्त आपल्या लोकांचा धंदा.
सत्तावीसच्या सत्तावीस क्राऊन उसवायचे. मोती सोडवून मोत्यांच्या मुंडावळ्या करायच्या. वैशाखात प्रत्येक नवरा-नवरीच्या कपाळाला मुंडावळी लागतेच. त्याला कोणाचा उपवास आड येत नाही.

पुरणपोळी झाल्यावर उसवायला बसले. हिल्डाच्या गाठी इतक्या घट्ट की कात्री लावावी लागली. उगाच घट्ट. तार बरीच तुटली. संध्याकाळपर्यंत अकरा.

हे दारात उभे राहून म्हणाले, ईस्टरपर्यंत तरी थांब, अठरा दिवस राहिलेत. ह्यांनापण पढवले!

५ एप्रिल, शनिवार

सत्तावीस उसवून झाले. मोती निवडून, चाळून बरण्यांत भरले. कपाट रिकामे दिसू नये म्हणून चांदीची भांडी उजळायची पावडर ठेवली.

९ एप्रिल, बुधवार

मुंडावळ्या नऊ जोड तयार. विनयाला, म्हणजे शेजारणीला, दाखवल्या. तिने एक उचलली तर तिच्या हातात सुटली. म्हटले, धरायची पद्धत असते. हिला भाजीची पिशवी धरता येत नाही.

पहिली ऑर्डर! आगाशीची शकू, मुलाचे लग्न सतराला. दोन जोड, ८० रु. लग्नाचे आमंत्रणही दिले. जेवण तिकडेच होईल.

१७ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळ

आगाशीला जाऊन आले. जे घडले ते नवऱ्यामुळे घडले, हे आधी नोंदवते. त्याचे डोके अवाजवी मोठे आहे. मापाचे डोके असते तर मुंडावळीला ताण आलाच नसता.

शेवटचे सावधान झाले, अंतरपाट खाली आला, नवऱ्याने हार घ्यायला मान वाकवली आणि मुंडावळी तुटली. त्याच क्षणी अक्षता पडल्या. मोती आणि तांदूळ एक झाले. भटजींचा पाय मोत्यांवर पडला आणि ते अंतरपाटासकट खाली बसले. नवरीच्या मामाने त्यांना उचलायला जाऊन आणखी मोती सांडवले. कारण तोवर नवरीचीही सुटली होती. शकू मोती वेचता वेचता म्हणाली, सुहासिनीताई, दोरा वापरला होता की शेवया?

नायलॉनचा दोरा महाग म्हणून घरचा सुती वापरला होता. सूत पवित्र असते. पुण्य बघायचे की गाठ?

गुरुवारचा उपास असल्याने जेवणही झाले नाही. शकूने ८० परत मागितले. दिले. मोती एकशे बारा परत आणले, बाकीचे भटजींच्या धोतरात असावेत.

२२ एप्रिल, मंगळवार. रात्री

परवा ईस्टर झाला.

आज सकाळी दुकान उघडले तर पायरीवर सहा बायका. मला वाटले सत्यनारायणाची वर्गणी. क्राऊन हवे होते! दुपारपर्यंत अकरा जणी. रिटा आपल्या मुलीला, शर्लीला, घेऊन आली. तिचे लग्न ११ मे. शर्लीने रिकाम्या कपाटाकडे बघून विचारले, आंटी, सगळे विकले गेले? मी म्हटले, मागणी फार.

ऑर्डरी घेतल्या. प्रत्येकीने एकच सांगितले, हिल्डाताईच्या हातचा पाहिजे. मी म्हटले, आमच्याकडे सगळे एकाच हातचे असते.

२४ एप्रिल, गुरुवार

ऑर्डरी एकोणीस. ॲडव्हान्स प्रत्येकी ५०. एकोणीस गुणिले एकशेवीस, बावीसशे ऐंशी. झेरॉक्सवाल्याच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या भाड्याएवढे एका सीझनमध्ये! ह्यांच्यासमोर पाटी धरली. हे म्हणाले, छान. बनवून दे, दुकान तुझे.

आजपासून मी स्वतः. पहिला क्राऊन दुपारी ३ ला सुरू.

२४ एप्रिल, रात्री ९.१५

तार बोटात गेली. हळद लावली. फूल अजून फुलासारखे झाले नाही. ह्यांनी लांबून बघून विचारले, अँटेना दुरुस्त करतेस का?

२६ एप्रिल, शनिवार

एक पूर्ण झाला. रिटाला दाखवला. तिने तो उलटसुलट फिरवून बघितला. मग म्हणाली, वहिनी, हे तुम्ही कोणाचा अपमान करायला केले नाही ना?

हिल्डा कुठे म्हणून विचारले. घरीच आहे, पण तिला चर्चच्या डेकोरेशनचे काम मिळालेय. रिटा म्हणाली, जाऊन बोला ना, सांडोर काय लांब आहे? चौदा वेळा गुडघे टेकून आलात, एक पायरी चढायला काय झाले?

मी तिची पायरी चढणार नाही. व्यवहार लेखी असावा.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळ

झेरॉक्सवाला टेप घेऊन आला. गाळ्याची रुंदी मोजली. प्लगचा बोर्ड कुठे येईल ते ह्यांना विचारत होता आणि हे सांगत होते.

कपाट उचलायला त्याचा माणूस आला तर मी कपाटाला टेकून उभी राहिले. का ते मलाही सांगता आले नाही. हे म्हणाले, बरे, अजून महिना आहे. मवाळ आवाजात म्हणाले. मवाळ आवाज मला सहन होत नाही.

रिटाची शर्ली दोनदा येऊन गेली. काउंटरला नखाने टकटक करून गेली. तेरा दिवस राहिले.

२८ एप्रिल, दुपार

पोस्टातून जोडकार्ड आणले, १ रु. उत्तराचा खर्चही माझाच. कार्ड वाया जाऊ नये म्हणून मजकूर आधी इथे लिहून बघते.

हिल्डा हिस, कळविण्यात येते की तुझ्या चुका पोटात घालून दुकानाने तुला एक संधी

नाही.

हिल्डा, सध्या काम जास्त असल्यामुळे, आणि तुला घरात बसून कंटाळा येत असेल म्हणून, नगामागे सोळा रुपये

हे मागे येऊन वाचत होते. चष्मा पुसत आत गेले. बोलले असते तर बरे झाले असते.

शेवटी कार्डावर गेले ते असे. हिशेबासाठी नक्कल ठेवते:

श्री.

सौ. हिल्डाबाई यांस सुहासिनीचा नमस्कार वि. वि.

तुम्ही म्हणाला होतात तशी लाइन लागली आहे. ऑर्डरी एकोणीस. शर्लीचे लग्न ११ तारखेला आहे, तिचा आधी करावा लागेल. नगामागे पंचवीस रुपये देईन. शुक्रवारी चारला जावे. बुधवारी कपाळावर काही असले तर असू द्यावे.

क्राऊन ठेवून द्या म्हणाला होतात, ते मी ठेवले नाहीत. सगळे उसवले. हे येण्याआधीच सांगून ठेवते, मागाहून बघून तुम्हाला वाईट वाटेल. मोती बरण्यांत आहेत. तार नवीन आणली आहे. मी करून बघितले. मला येत नाही.

जोडलेले दुसरे कार्ड कोरे आहे, त्यावर येता की नाही एवढेच लिहावे आणि उलट टपाली कळवावे.