स्टेपनीतही हवा नव्हती

छोट्या,

गाडी दारात नाही, पाण्याच्या टाकीजवळच्या रस्त्यावर उभी आहे. बाबांना तपासणीला नेताना मागचं चाक पंक्चर झालं. भर उन्हात मी जॅक लावला, नट निघेनात म्हणून पान्यावर उभी राहिले आणि डिकीतली स्टेपनी बसवली. जॅक खाली घेतला तशी तीही जमिनीवर बसली. मागच्या महिन्यात पंक्चर झालेलं चाक तू तसंच डिकीत कोंबलं होतंस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "केलं गं ताई दुरुस्त, किती मागे लागतेस."

तोवर बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना धड उभं राहवत नाही, हे तुला माहीत आहे. टॅक्सी मिळून पोचलो तोवर आमची वेळ गेली होती. आता पुढच्या आठवड्यात बोलावलंय. दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी उशीर का झाला विचारलं. मी तुझं नाव घेणार, तोच बाबा म्हणाले, "माझंच आवरायला वेळ लागतो हल्ली," आणि माझा हात दाबला. अंगाचा तिळपापड झाला, पण पुढची तारीख तेवढी लिहून घेतली.

मी कामावर चाललेय. किल्ली फ्रीजवर आहे. दोन्ही चाकं आजच दुरुस्त करून आण. बाबा झोपलेत. उठले की चहा दे आणि खरं काय ते तुझ्या तोंडाने सांग. ते "असू दे रे" म्हणतील. मी म्हणणार नाही.

ताई